तुलनाहत्ती : एक शास्त्रोक्त विवेचन

मुलांच्या सचित्र विज्ञानपुस्तकांवर जाणकारांनी आजवर भरपूर लिहिले आहे. भाषा सोपी आहे का, चित्रे अचूक आहेत का, कागद चकचकीत असावा की साधा, पुठ्ठ्याचे कोपरे वाचकाच्या दुधाच्या दातांपुढे टिकतात का, यांपैकी एकही प्रश्न त्यांच्या तावडीतून सुटलेला नाही. पण या पुस्तकांत नेमाने हजेरी लावणाऱ्या एका प्राण्याकडे विद्वानांनी साफ काणाडोळा केला आहे. हा प्राणी म्हणजे देवमाशाच्या पानावरचा हत्ती.

वास्तविक देवमासा समुद्रात, हत्ती रानात. दोघांची गाठ पडायचे काही कारण नाही. तरीही निळ्या देवमाशाचे पान उघडले की त्याच्या पोटाखाली हत्तींची फलटण उभी असते आणि शेजारी लिहिलेले असते : वजन २५ हत्तींएवढे. पान उलटले की हत्ती गुप्त. पुढे जमिनीवरच्या प्राण्यांच्या प्रकरणात तो पुन्हा भेटतो, पण तेथे तो यजमान असतो. देवमाशाच्या पानावर तो नुसता साक्षीदार. या साक्षीदाराला प्रस्तुत लेखक 'तुलनाहत्ती' असे नाव देतो.

शास्त्र म्हटले की व्याख्या आली, आणि व्याख्या म्हटली की अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव हे तिन्ही दोष टाळणे आले. म्हणून : जो हत्ती स्वतःविषयी चकार शब्द न काढता दुसऱ्याचे वजन सांगतो, तो तुलनाहत्ती. लग्नकार्यात भेटणारे काही नातेवाईकही नेमके हेच करतात, पण ते मुळात हत्ती नसल्यामुळे अतिव्याप्तीचा आक्षेप टिकत नाही. तुलनाहत्तीच्या कुळात तुलनाबस, तुलनामैदान, तुलनाकेस आणि तुलनापुरुष हेही येतात. त्यांचा समाचार यथावकाश घेऊ.

प्रबंधात इतिहासाचे एक प्रकरण असावे लागते, ते उरकून टाकतो. मुलांना चित्रांतून जग दाखवायचा पहिला गाजलेला उद्योग कोमेनियसने केला. १६५८ साली न्यूरेंबर्गला निघालेल्या त्याच्या पुस्तकात चित्रातल्या वस्तूंना आकडे घातले होते आणि त्याच आकड्यांनी शेजारी लॅटिन आणि जर्मन मजकूर दिला होता. आपल्याकडे विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ साली 'बालबोध' मासिक काढले. १९२८ साली पुण्यात 'सृष्टिज्ञान' सुरू झाले. पुढे रशियन पुस्तकांच्या प्रदर्शनांनी एक पिढी स्वस्तात शहाणी केली. तुलनाहत्तीच्या दृष्टीने मात्र कळीचे साल १९८८. त्या वर्षी इंग्लंडातल्या डॉर्लिंग किंडर्सली या प्रकाशनाने 'आयविटनेस' ही माला काढली आणि पानामागचे जंगल, आकाश, पाणी सगळे पुसून वस्तू पांढऱ्याशुभ्र पानावर आणून ठेवल्या. छपाई देखणी, यात वाद नाही. पण पांढऱ्या पानावर तरंगणाऱ्या वस्तूचा आकार कळायचा कसा? झाडाखाली उभा असलेला गवा केवढा ते झाड सांगते. झाड कापले की गवा आणि गांधीलमाशी एका मापाची. मग कोपऱ्यात काहीतरी उभे करावे लागते. प्रस्तुत लेखकाचा सिद्धांत असा की तुलनाहत्ती पूर्वीही होता, पण त्याला कायमची नोकरी पांढऱ्या पानाने लावली. त्याच १९८८ साली डेव्हिड मॅकॉलेचे यंत्रांवरचे प्रसिद्ध पुस्तक आले आणि त्यात तरफ, कप्पी, मळसूत्र समजावून सांगण्याच्या कामावर केसाळ मॅमथ जुंपले होते. हत्तीच्या चुलतघराण्याला एकाच वर्षी इतके काम मिळावे, हा योगायोग मानायला प्रस्तुत लेखक तयार नाही.

आता मुख्य प्रश्न : हत्ती म्हणजे नक्की किती?

आफ्रिकेतला मोठा नर साधारण ६ टनांचा. आपल्याकडचा नर ४ टनांच्या आसपास. देवमासा १५० टनांचा धरला, तर आफ्रिकी चलनात त्याचे २५ हत्ती होतात आणि आशियाई चलनात साडेसदतीस. अर्धा हत्ती कसा काढायचा ही चित्रकाराची अडचण बाजूला ठेवू. खरी गोम भाषांतरात आहे. मूळ इंग्रजी पुस्तकात मोठ्या कानांचे २५ हत्ती असतात. मराठी आवृत्तीत मजकूर तोच राहतो, पण नवी चित्रे काढायची झाली की आपला चित्रकार सवयीने आपला हत्ती काढतो : लहान कान, कपाळावर दोन उंचवटे, क्वचित पाठीवर झूलसुद्धा. आकडा २५चा २५. म्हणजे एकूण वजन भरले १०० टन. भाषांतरकार आणि चित्रकार यांच्यामध्ये तब्बल ५० टन देवमासा गळाला, आणि मुद्रितशोधकाला पत्ता नाही. त्याने 'देवमाशा'तली मात्रा तेवढी तपासली.

किलोग्रॅमच्या बाबतीत असा गोंधळ होऊ नये म्हणून पॅरिसजवळ सेव्हर येथे प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा १८८९पासून काचेच्या हंड्यांखाली जपून ठेवला होता. अखेर तोही पुरेसा भरवशाचा वाटेना म्हणून २०१९ साली त्याला निवृत्त केले आणि किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर बांधली. सेव्हरला प्रमाण हत्ती मात्र कधीही ठेवला गेला नाही. काचेच्या हंडीचा प्रश्न आला असावा.

यावर पूर्वपक्ष असा की मुलांना इतकी अचूकता हवी कशाला? त्यांना 'अबब' म्हणता आले म्हणजे झाले. हा पूर्वपक्ष मोठ्यांचा आहे, मुलांचा नाही. प्रस्तुत लेखकाची सात वर्षांची भाची असेच एक पुस्तक घेऊन पालथी पडली होती. देवमाशाकडे तिने एकदाच पाहिले. मग शेपटीच्या टोकापासून बोट ठेवून ती हत्ती मोजू लागली. शेवटच्या ओळीपाशी बोट थांबले, मागे गेले, पुन्हा पहिल्यापासून निघाले.

"मामा, हत्ती बावीसच आहेत."

पाहिले, तर खरेच बावीस. मजकुराची पिवळी चौकट हत्तींच्या रांगेवर बेतशीर बसवली होती आणि तीन हत्ती तिच्याखाली गेले होते. एकाचे शेपूट तेवढे बाहेर राहिले होते. ते तिला दाखवले, तर तिने शेपटाचा अर्धा गुणही द्यायला नकार दिला.

"मग तीन हत्तींचा देवमासा कुठे गेला?"

या प्रश्नाला शास्त्रात उत्तर नाही. पण पाहा : 'अबब' ती म्हणालीच नाही. तिने बेरीज तपासली. जिज्ञासू बालक म्हणून ज्याचे मुखपृष्ठावर कौतुक छापतात ते बालक हेच, आणि पिवळी चौकट बसवताना नेमका त्याचाच विसर पडलेला असतो.

आता अन्योन्याश्रय नावाचा दोष. हत्तीच्या स्वतःच्या पानावर गेलो की कळते की हत्तीचे वजन इतक्या मोटारींएवढे. देवमाशाच्या पानावर परत आलो की देवमाशाचे हृदय एका मोटारीएवढे. म्हणजे देवमासा हत्तीवर, हत्ती मोटारीवर आणि मोटार देवमाशाच्या काळजात. या वर्तुळात किलोग्रॅमला शिरायला फट नाही.

हृदयाचे प्रकरण सविस्तर सांगण्याजोगे आहे, कारण येथे मोजदाद खरोखर झाली. २०१४ साली कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर बर्फात सापडून मेलेले निळे देवमासे वाहून आले. टोरांटोच्या रॉयल ऑन्टेरिओ संग्रहालयाच्या माणसांनी त्यांतल्या एकाचे हृदय कापून बाहेर काढले, गोठवले आणि टिकवण्यासाठी पार जर्मनीला धाडले. तेथे त्यातले पाणी आणि चरबी काढून जागी प्लास्टिक भरले आणि २०१७ साली ते प्रदर्शनात मांडले. वजन भरले सुमारे १८० किलो. मोटार नव्हे, फार तर बुलेट मोटारसायकल, तीही किंचित कमीच. महारोहिणीतून लहान मूल रांगत जाईल असे पुस्तके वर्षानुवर्षे सांगत आली होती. प्रत्यक्षात तिच्यात माणसाचे डोके मावेल, पुढचे अवघड. १८० किलोचे काळीज ही मुळातच थक्क करणारी गोष्ट आहे. तिला मोटारीचा पत्रा कशाला जोडायचा? पण पुस्तके एकमेकांवरून निघतात आणि मोटार पुढच्या आवृत्तीत चालू राहते.

असाच दीर्घायुषी आकडा रक्तवाहिन्यांचा. माणसाच्या शरीरातल्या सगळ्या रक्तवाहिन्या एकापुढे एक जोडल्या तर लांबी १ लाख किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला अडीच प्रदक्षिणा. हे वाक्य नसलेले शरीरशास्त्राचे बालपुस्तक दाखवा आणि बक्षीस घेऊन जा. याचे मूळ डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रो यांच्याकडे जाते. केशवाहिन्यांवरच्या कामासाठी त्यांना १९२० सालचे नोबेल मिळाले आणि १९२२च्या पुस्तकात त्यांनी हा हिशेब मांडला, अडीच प्रदक्षिणांसकट. हिशेबात गृहीत धरलेल्या माणसाच्या अंगावर नुसते स्नायूच ५० किलो होते. म्हणजे तो तालमीतून थेट प्रयोगशाळेत आलेला असणार. अलीकडचे अंदाज ९ ते १९ हजार किलोमीटरांपर्यंत उतरले आहेत. अर्धी प्रदक्षिणासुद्धा होत नाही. क्रो यांना दोष नाही, ते 'समजा' म्हणून बोलले होते. पुस्तकांनी आकडा घेतला आणि 'समजा' तेथेच ठेवले.

तुलनाबसविषयी लेखकाची एकच शंका आहे. देवमाशाची लांबी सांगताना बस दुमजली का असते? वरच्या मजल्याचा लांबीशी संबंध काय? वरच्या मजल्यावर बसल्याने मागचा माणूस आणखी मागे जात नाही. उत्तर सोपे आहे : पुस्तक लंडनला लिहिले गेले आणि खिडकीतून दिसली ती बस लेखकाने घेतली. त्या जुन्या लाल राउटमास्टरची लांबी ८.४ मीटरच्या आसपास, आणि एक लांबुडका प्रकार ९ मीटरांच्या वर. मुंबईच्या मुलाला निदान दुमजली बस ठाऊक तरी होती. बेस्टच्या जुन्या डिझेल दुमजली गाड्या सप्टेंबर २०२३मध्ये निघून गेल्या. परभणीच्या मुलाला मात्र आधी दुमजली बस समजावून सांगावी लागते, त्यासाठी देवमाशाचे चित्र काढावे लागते, आणि अन्योन्याश्रय पुन्हा दारात उभा.

तुलनामैदानाची तर गोष्टच सोडा. 'फुटबॉलच्या मैदानाएवढे' असे बिनदिक्कत लिहिले जाते. फुटबॉलचे नियम सांगतात की मैदानाची लांबी ९० मीटरपासून १२० मीटरपर्यंत काहीही चालेल. धाकट्या आणि थोरल्या मैदानात ३० मीटरांचा फरक. म्हणजे एक आख्खा निळा देवमासा या मापाच्या फटीतून आरामात पोहत जातो. तुलनाकेसाचेही तेच. अमुक सूक्ष्मजीव केसाच्या जाडीच्या इतकावा भाग, असे म्हणताना कोणाचा केस ते कोणी सांगत नाही, आणि केसाकेसात दुपटीतिपटीचा फरक सहज असतो.

आता तुलनापुरुष. डायनोसॉरच्या पायाशी उभी असलेली ती काळी मानवाकृती. ना नाक, ना डोळे, ना पळून जाण्याची बुद्धी. समोर १२ मीटरचा टायरॅनोसॉरस जबडा वासून उभा आणि हा हात वर करून टाटा करतो आहे. या हाताविषयी बरेच चिंतन केल्यावर लेखकाला उलगडा झाला तो आपल्या विहिरीपाशी. विहिरीला दोन पुरुष पाणी आहे असे आपण म्हणतो, आणि पुरुष हे माप म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. डायनोसॉरच्या पायाशी उभा असलेला गृहस्थ निरोप देत नसून खोली मोजतो आहे.

माणूस हे माप तसे वाईट नाही. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या सीमाभागात, १९६१च्या सुमारास एका शाकाहारी डायनोसॉरची हाडे निघाली. मांडीचे एकच हाड १.७ मीटर, म्हणजे शोधणाऱ्याच्या खांद्याला नव्हे, थेट डोक्याला लागणारे. त्या मोठ्या पायावरून त्याचे नाव बारापासॉरस पडले आणि रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे वर्ष म्हणून पुढे टागोरेई जोडले. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. परदेशी डायनोसॉरांची नावे तोंडपाठ असणाऱ्या आपल्या मुलांना हा शेजारी ठाऊक नसतो, कारण त्यांच्या पुस्तकात तो नसतो.

फार दूर पोचलेला एक तुलनापुरुष मात्र १९७२चा. पायोनियर १० यानावर परग्रहवासीयांसाठी एक पाटी बसवली होती. कार्ल सेगन आणि फ्रँक ड्रेक यांनी तिचा आराखडा केला आणि लिंडा सेगन यांनी चित्र काढले. पाटीवर एक पुरुष आणि एक स्त्री. पुरुषाने हात वर केलेला, आणि पाठीमागे त्याच प्रमाणात यानाची बाह्याकृती. उंची कशी सांगायची? हायड्रोजनच्या अणूतून निघणाऱ्या २१ सेंटीमीटर लांबीच्या लहरीला एकक धरले आणि स्त्रीच्या शेजारी द्विमान पद्धतीने ८ लिहिले : आठ गुणिले २१, म्हणजे १६८ सेंटीमीटर. हायड्रोजन विश्वात सगळीकडे सारखा, म्हणून ही निवड. परग्रहावरच्या अज्ञात वाचकाचा एवढा विचार झाला. परभणीच्या वाचकाला लंडनची बस.

हा विचार बालपुस्तकात कोणी केलाच नाही असे नव्हे. हॉलंडातल्या बिल्टहोव्हन गावच्या शाळेत कीस बूके नावाचे मास्तर होते. १९५७ साली त्यांचे विश्वावरचे पुस्तक इंग्रजीत आले. चित्रे सगळी मिळून चाळीस उड्यांची. पहिल्या चित्रात शाळेपुढे खुर्चीत बसलेली मुलगी आणि तिच्या मांडीवर मांजर. प्रत्येक उडीला कागदावरचे प्रमाण दहापट बदलते. काही उड्यांत आपण दीर्घिकांपर्यंत वर जातो, आणि मग खाली मुलीच्या हातावरच्या डासापासून अणूच्या गाभ्यापर्यंत. पण प्रस्तुत प्रबंधाच्या दृष्टीने मोलाची आहे ती सुरुवातीचीच एक उडी. शाळेचे अंगण दिसू लागते, आणि त्या अंगणात चक्क एक देवमासा आणून ठेवला आहे. शेजारी मोटारी, पलीकडे ती मुलगी. हत्ती एकही नाही. मास्तरांनी देवमासा मोजला नाही, अंगणात आणून टाकला. त्या शाळेतल्या प्रत्येक पोराला अंगण पायाखालचे होते, त्यामुळे देवमासा केवढा ते विचारायची कोणाला गरज पडली नसणार.

आपल्याकडे अशी उडी निसर्गाने एकदा स्वतःच मारून दाखवली. जून २०१५मध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्याला ४२ फुटी निळा देवमासा लागला आणि तेथेच मेला. बघायला ही गर्दी. वर्तमानपत्रांनी त्याची लांबी फुटांत दिली. तो किती हत्तींएवढा होता असे तेथे कोणी विचारल्याची नोंद नाही.

यावरून निघणारा सिद्धांत : तुलनेचे माप मुलाच्या पायाखालून गेलेले असावे. मराठी मुलाच्या पायाखालून गेलेले, कायद्याने पक्के केलेले, जिल्ह्याजिल्ह्यात न बदलणारे माप आहे का? आहे. क्रिकेटची खेळपट्टी. २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर. फुटबॉलच्या मैदानासारखी ती लवचीक नाही. गल्लीत ती रिक्षा उभी असेल तेथे संपते हे खरे, पण तरी खरी किती असायला हवी हे प्रत्येकाला ठाऊक असते आणि त्यावर भांडणही होते. निळा देवमासा ३० मीटरचा धरला तर दीड खेळपट्टी. संपले. एक यष्टी तोंडाशी रोवा, दुसरी अंगाच्या दोनतृतीयांशावर. पुढचे शेपूट यष्टिरक्षकाच्या मागे.

खेळपट्टीचा उपयोग येथे थांबत नाही. सगळ्या बालपुस्तकांत सूर्यमालेचे एक चित्र असते आणि त्याखाली मुंगीच्या अक्षरात 'चित्र प्रमाणात नाही' असा कबुलीजबाब असतो. प्रमाणात काढायचेच तर मोहरीचा एक दाणा घ्या, पावणेदोन मिलिमीटरचा. ती पृथ्वी. सूर्य होतो १९ सेंटीमीटरचा, सोललेल्या मोठ्या नारळाहूनही थोराड. तो एका यष्टीपाशी ठेवला तर मोहरी बरोबर दुसऱ्या यष्टीपाशी येते. नेपच्यून सहाशे मीटरवर, म्हणजे मैदानाबाहेर, रस्ता ओलांडून, बहुधा दुसऱ्या वॉर्डात. आठही ग्रह एका पानावर ओळीने बसवणाऱ्या चित्रकाराने हा नारळ आणि ही मोहरी एकदा मैदानात मांडून पाहावी. मोहरी सापडेनाशी झाली की त्याला अवकाश म्हणजे काय ते कळेल.

तेव्हा बालविज्ञानाच्या पुस्तकांचे प्रकाशक, भाषांतरकार आणि चित्रकार यांना नम्र विनंती. पुढच्या आवृत्तीत देवमाशाच्या पानावर 'दीड खेळपट्टी' एवढेच छापा आणि वजन सरळ टनांत द्या. मुलांना टन कळतो, ती ट्रकच्या मागे लिहिलेले वाचतात. हृदयाखाली १८० किलो लिहा आणि मोटार काढून टाका. बारापासॉरसला एक पान द्या. हत्ती ठेवायचेच असतील, तर आफ्रिकी की आशियाई ते आधी ठरवा, पिवळी चौकट बाजूला घ्या आणि छापायला देण्यापूर्वी कोणातरी सात वर्षांच्या मुलीकडून ते मोजून घ्या.